‘काही कमी नाही’ म्हणतात, मग मन का लागत नाही? उतारवयातला आधार आणि मनःस्वास्थ्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. निम्मे मुलगे, मुली, सुना विचारतात आणि निम्मे ज्येष्ठ स्वतः विचारतात. दोघांचा सूर मात्र वेगळा असतो. मुलं विचारतात, ‘आम्ही अजून काय करू?’ आणि ज्येष्ठ विचारतात, ‘मी आता काय करू?’ खालची उत्तरं वाचताना हा फरक लक्षात असू द्या.

आईला काही कमी नाही. तरी ती गप्प गप्प असते. आमचं काय चुकतंय?

‘काही कमी नाही’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे औषधं, पैसे, खाणंपिणं, सोबतीचं माणूस अशी यादी असते. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार मांडले. पहिला भावनिक, म्हणजे माया आणि ऐकून घेणं. दुसरा प्रत्यक्ष मदत. तिसरा माहिती आणि सल्ला. चौथा म्हणजे पावती: ‘तू हे बरोबर केलंस’ असं कुणीतरी म्हणणं. बहुतेक घरांत मदत भरपूर असते आणि सल्ला तर उतू जात असतो. माया असते, पण घाईत असते. पावती मात्र राहूनच जाते.

एक करून बघा. गेल्या आठवड्यात आईला काय काय विचारलंत ते आठवा. ‘गोळी घेतलीस का?’, ‘झोप लागली का?’, ‘पाय दुखतोय का?’ ही चौकशी झाली. ‘माझं असं असं झालंय, तुला काय वाटतं?’ असं शेवटचं कधी विचारलं होतं?

या चारांच्या पलीकडे एक पाचवी गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. आईकडून कुणी काही घेतं का? स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला होता. जी माणसं नातलगांना, मित्रांना, शेजाऱ्यांना मदत करत होती किंवा जोडीदाराला मनाचा आधार देत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नुसता आधार मिळण्याचा तसा फायदा दिसला नाही. एका अभ्यासावरून सगळं ठरवू नये, हे खरं. पण आपण ज्येष्ठांना कायम घेणाऱ्याच्या जागी बसवतो आणि वर म्हणतो, ‘तुम्ही आता फक्त आराम करा.’ प्रेमानेच म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र ‘आता तुमचं काम संपलं’ असंही ऐकू येऊ शकतं.

एकटं राहणं आणि एकाकी वाटणं एकच ना?

नाही. घरात किती माणसं आहेत, महिन्यात कितीजण भेटतात, हे मोजता येतं. एकाकीपण म्हणजे हवं असलेलं नातं आणि वाट्याला आलेलं नातं यांतली तफावत. ती बाहेरून दिसत नाही. काही माणसं वर्षानुवर्षं एकटी आणि मजेत राहतात. काही भरल्या घरात एकटी असतात.

रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये या एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले. एक भावनिक: मनातलं बोलावं असं जवळचं माणूस नाही. दुसरा सामाजिक: आपला म्हणावा असा गोतावळा नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. नवरा गेलेल्या बाईला दहा नव्या ओळखी करून दिल्या तरी पोकळी तशीच का राहते, ते यावरून कळतं. उलट नवरा-बायकोचं अगदी मेतकूट असलं, तरी नव्या गावी दोघंही हिरमुसलेले असू शकतात.

एकाकीपणाने शरीराला खरंच काही होतं, की हे नुसतं मनाचं?

होतं. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांवर माणसं होती. ज्यांची नाती भक्कम होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. २०१५ मध्ये त्यांनीच वेगवेगळे आकडे काढले. अकाली मृत्यूचा धोका एकाकी वाटण्याने २६ टक्के, लोकांपासून तुटलेपणाने २९ टक्के आणि एकटं राहण्याने ३२ टक्के वाढलेला दिसला.

याची कारणं अनेक आहेत. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप तुटते. शिवाय एक साधं कारण आहे. सोबत कुणी असलं की ते म्हणतं, ‘अहो, हा खोकला पंधरा दिवस झाले, दाखवून या.’ एकट्या माणसाला असं म्हणणारं कुणी नसतं. उलटी साखळीही असते: आजारी माणूस बाहेर पडत नाही, म्हणून तुटत जातो. तेव्हा ‘एकटेपणा म्हणजे रोज पंधरा सिगारेटी ओढण्याइतकं घातक’ ही नेहमी ऐकू येणारी तुलना जरा जपून वापरा. एकट्या माणसाला तिचा उपयोग काय, तर आणखी एक भीती.

म्हातारपणी मन उदास राहायचंच, हे धरून चालायचं ना?

अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे १४ टक्के माणसांना काही ना काही मानसिक आजार असतो. म्हणजे बाकीच्या मोठ्या बहुसंख्येला तो नसतो. ‘या वयात असं होणारच’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. त्या वाक्यामुळे बरा होण्यासारखा आजार अंगावर काढला जातो.

बाबांनी बऱ्याच लोकांशी संबंध कमी केलेत. काळजी करावी का?

आधी बघा की कोणाशी कमी केलेत. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की, पुढचा काळ थोडा आहे हे जाणवू लागलं की माणूस ओळखीपाळखी गाळतो आणि जिवाभावाची माणसं राखतो. ही छाटणी असते आणि पुष्कळदा ती शहाणपणाची असते. नको त्या समारंभाला जाणं सोडून जुन्या मित्राशी दोन तास बोलत बसणारे बाबा उत्तम आहेत, त्यांना हलवू नका.

पण त्या जुन्या मित्राचाही फोन ते उचलत नसतील, आवडीचं वाचन-ऐकणं सुटलं असेल, ‘कशाला?’ हा शब्द वारंवार येत असेल, तर ती छाटणी नव्हे. तिथे झाड आतून वाळतंय.

मग किती माणसं असली म्हणजे पुरे?

आकडा नाही. लबेन या संशोधकांनी तयार केलेली सहा प्रश्नांची मापनपट्टी डॉक्टर आणि समाजसेवक वापरतात. त्यात कुटुंब आणि मित्र यांच्यापैकी किती जण भेटतात, कितीजणांशी मनातलं बोलता येतं, कितीजणांना मदतीला बोलावता येतं, हे विचारतात. ३० पैकी १२ हून कमी गुण पडले, तर माणूस तुटत चालला असल्याची शक्यता धरतात.

मी तीन साधे प्रश्न विचारते. रात्री दोनला कुणाला उठवाल? तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर कुणाच्या लक्षात येईल? आणि तिसरा, ज्यावर लोक थबकतात: कोण तुमच्यावर अवलंबून आहे?

मदत करायला गेलं की बाबा चिडतात. आम्ही वाईटासाठी करतो का?

नाही. पण मदतीचीही एक किंमत असते आणि ती घेणारा मोजतो. एका निवृत्त हिशेबनिसांची गोष्ट सांगते. चाळीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळलेला माणूस. मुलाने बापाला त्रास नको म्हणून घरची सगळी बिलं परस्पर मोबाइलवरून भरायला सुरुवात केली. तीन महिन्यांत हे गृहस्थ वर्तमानपत्र उघडेनासे झाले. घरच्यांना वाटलं की डोळे गेले. डोळे ठीक होते. महिन्याची पहिली तारीख हा त्यांचा कामाचा दिवस होता आणि तोच गेला होता. बिलं परत त्यांच्याकडे दिली. एकदा त्यांच्याकडून दंड भरावा लागला, तो भरला.

एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांचा १९७६चा एका वृद्धनिवासातला प्रयोग याच मुद्द्यावर होता. एका गटाला सांगितलं, ‘तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा.’ त्यांना सांभाळायला स्वतः निवडलेलं एक रोपही दिलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, ‘आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ.’ रोप त्यांनाही दिलं, पण पाणी घालायचं काम परिचारिकांचं. तीन आठवड्यांनी पहिला गट जास्त तरतरीत, जास्त हालचाल करणारा आणि जास्त आनंदी दिसला. प्रयोग लहान होता, त्यावर पुढे वादही झाले. मला तरी तो रोज घराघरांत दिसतो.

म्हणून काम काढून घेण्याआधी तीन पायऱ्या उतरा. आधी वस्तू बदला: मोठी अक्षरं, पकडायला सोपी मूठ, उजळ दिवा. मग काम वाटून घ्या. अगदीच जमेना, तेव्हाच ते काम आपल्याकडे घ्या आणि त्या बदल्यात दुसरं द्या. मदत अशी करावी की तिचा गाजावाजा होऊ नये. ‘मी त्याच बाजूला चाललोय, येता का?’ हे ‘चला, मी तुम्हांला नेतो’ यापेक्षा कितीतरी हलकं वाटतं.

कानाला कमी ऐकू येतं. त्याचा मनाशी काय संबंध?

फार जवळचा आहे, आणि घरच्यांच्या तो सगळ्यात उशिरा लक्षात येतो. ऐकू न येणारा माणूस आधी ‘काय?’ विचारतो. मग कमी विचारतो. मग नुसता हसून मान हलवतो. शेवटी चारचौघांत बसणंच सोडतो. घरच्यांना वाटतं की स्वभाव बदलला.

यात आपला वाटा मोठा आहे. सगळे हसतात, आजी विचारतात, ‘काय झालं?’ आणि आपण म्हणतो, ‘काही नाही, जाऊ दे.’ या ‘जाऊ दे’ने माणूस खोलीत असून खोलीबाहेर जातो. विनोद शिळा झाला तरी चालेल, पण परत सांगा.

कानांची तपासणी करून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत श्रवणदोषही आहे आणि सामाजिक तुटलेपणही. श्रवणयंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येतो आणि यंत्र कपाटात जातं. ते जुळवून घ्यायला पुन्हा तज्ज्ञाकडे जावं लागतं, हे आधीच सांगून ठेवा. बोलताना समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, नुसता राग ऐकू येतो.

आई गेली त्याला आठ महिने झाले. बाबा अजून सावरले नाहीत. किती काळ लागतो?

याला मुदत नसते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट यांनी १९९९ मध्ये एक चांगलं निरीक्षण मांडलं. दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी आठवणीत बुडतो, कधी नव्या व्यवहाराला लागतो. सकाळी बँकेचे कागद नीट करणारे बाबा संध्याकाळी आईचा चष्मा हातात घेऊन बसले, तर ते मागे गेले असं समजू नका. ही ये-जाच सावरणं आहे. एकाच टोकाला अडकून पडले तर मात्र बघायला हवं.

वैद्यकीय भाषेत ‘लांबलेला शोक’ असं निदान आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने आणि अमेरिकी वर्गीकरणात बारा महिने धरतात. पण नुसते महिने मोजून हे निदान होत नाही. दिवसेंदिवस ध्यास तोच आणि रोजचं जगणं ठप्प, असं असावं लागतं; आपणही उरलो नाही अशी भावनाही बरेचदा असते.

घरातल्यांनी एक करावं: आईचं नाव घ्यावं. बाबांना त्रास होईल म्हणून सगळे तिचा विषय टाळतात आणि बाबा आपल्याला त्रास नको म्हणून टाळतात. अशा घरात मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या गोष्टीही जातात.

घरात माणसं आहेत, पण रोज खटके उडतात. तरी सोबत असलेली बरी ना?

असेलच असं नाही. कॅरन रूक यांनी १९८४ मध्ये साठ ते एकोणनव्वद वयाच्या १२० विधवा स्त्रियांशी बोलून पाहिलं. मनःस्वास्थ्यावर आधार देणाऱ्या माणसांपेक्षा त्रास देणाऱ्या माणसांचा परिणाम जास्त ठळक होता. दहा गोड बोलांवर एक टोमणा भारी पडतो, हे आपल्याला तसंही ठाऊक आहे. तेव्हा नवी माणसं जोडण्याआधी घरातली एक टोचणारी गोष्ट थांबवता आली, तर ती थांबवा. खटक्यांच्या पलीकडे धाक, शिवीगाळ, पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं असं काही असेल, तर तो छळ आहे. तिथे समजुतीच्या गोष्टी न करता बाहेरची मदत घ्या.

हे नैराश्य आहे की विसरभोळेपणा?

घरी ठरवू नका. उतारवयात नैराश्य ‘मी उदास आहे’ असं म्हणत येत नाही. ते अंगदुखी, पोटाच्या तक्रारी, पहाटे तीनला जाग, चिडचिड आणि लक्ष न लागणं अशा वेशात येतं. शेवटच्या लक्षणामुळे विसरभोळेपणाचा भास होतो. उलट स्मृतिभ्रंशाची सुरुवातही उदासीने होऊ शकते. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधं यांमुळेही असंच चित्र दिसतं.

डॉक्टर बरेचदा १५ प्रश्नांची वृद्धांसाठीची नैराश्य मापनपट्टी वापरतात. त्यातली उत्तरं फक्त हो किंवा नाही अशी असतात. पाचाहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ रस गेला, झोप-भूक बिघडली, तर जाच. औषध आणि समुपदेशन या वयातही लागू पडतं.

आजी सारखं म्हणते, ‘आता देवाने न्यावं.’ हे मनावर घ्यायचं का?

आधी ऐकायचं. बरीच वृद्ध माणसं मरणाविषयी मोकळेपणी बोलतात आणि ते समाधानाचंही लक्षण असू शकतं. ‘असं अभद्र बोलू नकोस’ म्हणून आपण तोंड बंद केलं, की दोन्ही शक्यता झाकल्या जातात.

फरक सुरात असतो. ‘माझं सगळं झालं, कधीही बोलावणं येऊ दे’ ही तयारी झाली. ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ हा धोक्याचा सूर आहे. सरळ विचारा: ‘आजी, जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली, गोळ्या साठवत असेल, वस्तू वाटून निरोप घेतल्यासारखं वागत असेल, तर तिला एकटं सोडू नका, घातक वस्तू हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत्महत्या हा तरुणांचाच प्रश्न आहे असं समजलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या अहवालात जगाच्या जवळपास सगळ्या भागांत तिचं प्रमाण सत्तरीपुढच्या वयात सर्वाधिक होतं.

मी बहात्तर वर्षांचा आहे. या वयात नवी मैत्री होते का?

होते, पण हळू. जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासानुसार ओळखीची साधी मैत्री व्हायला ५० तासांच्या आसपास आणि घट्ट मैत्रीला २०० तासांहून जास्त सहवास लागतो. अभ्यासातली माणसं तरुण होती, पण हिशेब ध्यानात घ्या: एका मेळाव्याने काही होणार नाही. तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं, दर आठवड्याला. आणि काहीतरी करण्यासाठी जमा. नुसतं ‘मन मोकळं करायला या’ म्हटलं की पुरुष तर येतच नाहीत. दुरुस्ती, गाणं, बाग, शिकवणी असं निमित्त असलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

आणखी एक अडचण मनातली. फार दिवस एकटं राहिलेला माणूस सावध होतो. कुणी घाईत बोललं तरी ‘मी नको होतो’ असं वाटतं. जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणाला भुकेसारखी सूचना म्हटलं आहे. ही भूक लांबली की माणूस समोर आलेल्या हातावरही संशय घेऊ लागतो. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत एकाकीपणावरच्या उपायांची छाननी केली. नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा हे संशयी विचार बदलण्याचा उपाय जास्त गुणकारी दिसला. तेव्हा जुन्या मित्राला फोन करताना ‘त्याला आता काय पडलंय’ हा विचार आला, तर तो विचार आहे, बातमी नव्हे. लावा फोन.

व्हिडिओ कॉलने भागतं का?

असलेलं नातं टिकवायला उत्तम, नवं जोडायला बेताचं. नातवंडाला कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘बोल, आजोबांशी बोल’ म्हणू नका. दोघांना एक गोष्ट पुस्तकातून वाचू द्या.

कुत्रं किंवा मांजर आणावं का?

त्यांना स्वतःला हवं असेल आणि त्याचं आजारपण कोण काढणार हे ठरलेलं असेल, तर जरूर. भेट म्हणून अचानक आणू नका.

आईचं सगळं मीच करते आणि मीच थकले. माझं काय?

तुम्ही स्वतःही कदाचित साठीच्या आसपास असाल, म्हणजे हे सगळं पान तुमच्यासाठीही आहे. भावंडांना ‘काहीतरी मदत करा’ म्हणू नका, काहीच होणार नाही. ‘दर रविवारी दुपारी दोन ते सहा तू थांब’ असं म्हणा. थकव्याने आईवर ओरडलात तर तुम्ही वाईट नाही. पण रोज ओरडू लागलात, तर तुम्हांला सुट्टी लागते आहे.

रोज फोन करतो, पण दोन मिनिटांत विषय संपतात. बोलायचं काय?

तब्येतीने सुरुवात करू नका. तुमच्याकडचं एखादं क्षुल्लक सांगा: शर्टाचा डाग जात नाही, साहेब विचित्र आहे, मुलगी हट्टाला पेटली आहे. सल्ला मागा आणि मिळालेला सल्ला खरंच वापरून बघा. मग दुसऱ्या दिवशी ‘तू सांगितलंस तसं केलं’ हे आवर्जून सांगा. तीच जुनी गोष्ट पुन्हा निघाली तर ‘हे सांगितलंस’ म्हणू नका. त्यातला एखादा तपशील विचारा, तेव्हा घरात कोण होतं, मग पुढे काय झालं. आणि फोन ठेवताना पुढचा फोन कधी करणार ते नक्की सांगा. ‘करतो नंतर’ म्हटलं की ते माणूस संध्याकाळभर फोनच्या खोलीतून हलत नाही.